अ‍ॅव्होकाडो फ्रीझ करायचा सिलिकॉनचा झाकणवाला ट्रे: साचा म्हणून एकदम मस्त, साठवणीसाठी अजिबात नाही

पिकलेले अ‍ॅव्होकाडो स्मूदीसाठी फ्रीझ करून ठेवायला सिलिकॉनचे झाकणवाले ट्रे मिळतात, त्यातला पाव कप मापाच्या कप्प्यांचा एक मी घेतला आणि आता तो भरपूर वापरून झालाय, म्हणून जरा सविस्तरच लिहितेय. ब्रँडचं नाव देत नाही कारण हुबेहूब हाच ट्रे वेगवेगळ्या नावांनी विकला जातो, कप्पे तेच, कडेला आतून घातलेली तार तीच, वरचं पारदर्शक झाकणही तेच. ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते, ट्रे घ्यायला हरकत नाही पण तो फक्त गर गोठेपर्यंत वापरायचा, गोठला की वड्या काढून पिशवीत. पाकिटावर जे लिहिलेलं असतं ना की झाकण लावा आणि महिनोन्महिने ठेवा, ते अ‍ॅव्होकाडोच्या बाबतीत चालत नाही. सूप, रस्सा, चटणी यांना चालत असेल, याला नाही.

आधी मुळात हे फ्रीझ करायची वेळ का येते ते सांगते, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. अ‍ॅव्होकाडो झाडावर पिकत नाही. फळ झाडावर पूर्ण वाढतं, पण मऊ व्हायला सुरुवात होते ती तोडल्यावरच, आणि एकदा सुरू झालं की स्वतःच इथिलिन, म्हणजे फळं पिकवणारा वायू, सोडत सोडत भराभर पुढे जातं. त्यामुळे एकत्र आणलेली फळं एकत्रच पिकतात. चार दिवस सगळी दगड, मग अचानक सगळी तयार, आणि तुम्ही रोज एकच खाणार असाल तर शेवटच्या दोनतीनांच्या आत काळे धागे दिसायला लागलेच म्हणून समजा. पिकलेलं फळ फ्रिजमध्ये ठेवलं तर दोनतीन दिवस मिळतात, फार नाही. म्हणून फ्रीझर. आणि एवढं महाग, एवढं लांबून येणारं फळ टाकून द्यायला खरंच जीवावर येतं.

पण फ्रीझरमध्ये जाणारं फळ बरोबर पिकलेलंच पाहिजे, हे मी अगदी ठासून सांगेन. फ्रीझर फळाला पिकवत नाही, जिथे आहे तिथे थांबवतो. कच्चा अ‍ॅव्होकाडो गोठवला तर त्याच्या पेशी तिथेच मोडतात, नंतर बाहेर काढून कितीही दिवस ठेवा तो पिकणार नाही, फक्त पाणचट आणि कडवट होईल. आणि जास्त पिकलेला, आतून तपकिरी पडलेला गोठवला तर तोच खवट वास स्मूदीत येतो, वर कितीही फळं घाला. जगात जे अ‍ॅव्होकाडो विकले जातात त्यात हास ही जात सगळ्यात जास्त असते, खडबडीत सालीची, पिकताना हिरव्याची काळपट जांभळी होते, तिचं एक बरं की रंगावरून अंदाज येतो. फुएर्तेसारख्या गुळगुळीत हिरव्या जाती पिकल्या तरी हिरव्याच राहतात त्यामुळे तिथे रंगावर जाऊ नका. कुठलीही जात असू दे, फळ तळहातात धरून पूर्ण हाताने हलकेच दाबायचं, बोटाच्या टोकाने नाही, टोकाने दाबलं की तिथे आत काळा डाग पडतो. किंचित दबलं पण गिळगिळीत लागलं नाही तर तयार. देठाचा बारका खुंट बोटाने ढकलून बघितला आणि खाली हिरवं दिसलं तर ठीक, तपकिरी दिसलं तर आत बहुतेक डाग असणार.

आता ट्रे. मऊ सिलिकॉनचा आहे, कडेला आत तार आहे त्यामुळे भरलेला ट्रे उचलताना मधे वाकत नाही, ही तार फार महत्त्वाची आहे, बिनतारेचे ट्रे एकदा हातात धरून बघा, भरून फ्रीझरपर्यंत नेताना अर्धा गर एका बाजूला सरकतो. कप्प्यांच्या आत मापाच्या रेघा उमटवलेल्या आहेत, प्युरी, म्हणजे ठेचलेला गर, भरताना त्या दिसत नाहीत पण काही बिघडत नाही. पाव कप म्हणजे साधारण ६० मिली. मध्यम आकाराच्या हासमधून १३० ते १५० ग्रॅम गर निघतो आणि एक कप प्युरी २३० ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे एका फळात दोन कप्पे भरून थोडं उरतं आणि दोन फळांत जवळपास पाच कप्पे होतात. हे माप स्मूदीला अगदी परफेक्ट आहे. एक वडी म्हणजे एक ग्लास. त्याच डिझाइनमध्ये अर्ध्या कपाचा आणि एक कपाचापण येतो, ते या कामाला घेऊ नका, अर्ध्या कपाची वडी एका ग्लासला जास्त होते आणि छोट्या मिक्सरच्या भांड्यात अडकून बसते, एक कपाची तर फोडावी लागेल.

भरायची पद्धत. मी आधी ट्रेमध्ये फोडी घालून बघितल्या आणि मग प्युरी, आणि फरक इतका आहे की आता फोडींसाठी ट्रे मी वापरतच नाही. फोडी कप्प्यात कशाही दाबल्या तरी मधे मधे पोकळी राहते, आणि पोकळी म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे काळपट कड. प्युरीमध्ये हवेला फारशी जागा नसते. अमेरिकेत जॉर्जिया विद्यापीठात घरगुती अन्न टिकवण्यावर काम करणारं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांचाही सल्ला हाच आहे की अ‍ॅव्होकाडो प्युरी करून गोठवलेला उत्तम, आणि ते एक क्वार्ट म्हणजे साधारण ९५० मिली प्युरीला एक अष्टमांश टीस्पून अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, म्हणजे क जीवनसत्त्वाची पावडर, घालायला सांगतात. पावडर नसेल तर लिंबू. मी दोन फळांना एक टेबलस्पून लिंबाचा रस घालते, स्मूदीत तो जाणवत नाही, उलट बेरी किंवा अननस असेल तर चव उठूनच येते. फक्त दूध घालून स्मूदी करणार असाल तर लिंबू थोडं कमी करा किंवा पावडरच वापरा.

गर काढून काट्याने किंवा मॅशरने ठेचला तरी चालतो, मिक्सरमधून फिरवायलाच पाहिजे असं नाही. उलट मिक्सरमध्ये खूप वेळ फिरवलं की प्युरीत बारीक बारीक हवा मिसळते आणि तेच आपल्याला नकोय. ठेचायच्या आधीच लिंबू घालायचं, नंतर नाही, कारण काळं पडायला सुरुवात गर फुटल्या क्षणापासून होते. मग चमच्याने कप्प्यात भरायचं, काठापर्यंत नाही, बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढी जागा वर सोडायची कारण आतलं पाणी गोठताना फुगतं. मग ट्रे ओट्यावर दोनचार वेळा हलकेच आपटायचा, खाली अडकलेले बुडबुडे वर येतात, वर आलेले चमच्याच्या पाठीने दाबून सपाट करायचे. हे आपटणं सोडू नका. न आपटता गोठवलेल्या वडीला खालून बघा, जिथे बुडबुडा होता तिथे गोल खळगा आणि खळग्याच्या कडेने तपकिरी वर्तुळ असतं, बाकी वडी हिरवीगार. हवा नेमकं काय करते ते एवढ्या स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसणार नाही.

आता मूळ तक्रार, झाकण. झाकण ट्रेवर बसतं, छान बसतं, उलटं केलं तरी पडत नाही, पण ते हवाबंद नाहीये. प्रत्येक कप्पा वेगळा बंद होत नाही, सगळ्या कप्प्यांवर मिळून एकच झाकण आणि प्युरी व झाकण यांच्यामध्ये हवेचा थर. त्यात अजून एक गोष्ट जी या ट्रेच्या जाहिरातीत कधी सांगत नाहीत, ती म्हणजे सिलिकॉन पाणी अडवतं पण ऑक्सिजन त्यातून बऱ्यापैकी आरपार जातो, साध्या प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी जास्त. कॉन्टॅक्ट लेन्समध्ये सिलिकॉन वापरतात ते याच गुणासाठी, डोळ्याला ऑक्सिजन मिळावा म्हणून. डोळ्याला जे चांगलं ते अ‍ॅव्होकाडोला वाईट. म्हणजे वरून झाकणाखालची हवा आणि चहूबाजूंनी भिंतीतून हळूहळू येणारा ऑक्सिजन, असा दोन्हीकडून मारा. तीच गोष्ट सिलिकॉनच्या परत वापरायच्या झिपवाल्या पिशव्यांची, त्या बाकी कामाला चांगल्या आहेत पण अ‍ॅव्होकाडो त्यात फार दिवस ठेवू नये असं माझं मत.

काहींना वाटतं फ्रीझरमध्ये आहे ना, मग कसलं काळं पडतंय. पडतं. अ‍ॅव्होकाडोमध्ये पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, फळ कापलं की पेशी फुटतात, एन्झाइम आणि त्याला लागणारी द्रव्यं एकमेकांना भेटतात, वरून ऑक्सिजन मिळाला की तपकिरी रंग तयार. थंडीने हे काम हळू होतं पण एन्झाइम मरत नाही. भाज्या गोठवण्याआधी आपण उकळत्या पाण्यातून काढतो ते एन्झाइम मारायलाच, पण अ‍ॅव्होकाडोला ते करता येत नाही, गरम केलं की तो कडू होतो आणि चव पार बिघडते. म्हणजे उरतात दोनच उपाय, आंबटपणा आणि हवा काढणं. आंबट आपण लिंबाने दिलं. हवेचं काम ट्रे करू शकत नाही.

म्हणून मी काय करते तर प्युरी भरली की झाकणाच्या आधी प्रत्येक कप्प्यावर क्लिंग फिल्म अगदी प्युरीला चिकटवून दाबते, मग झाकण, मग फ्रीझरच्या सगळ्यात मागच्या बाजूला जिथे थंडी जास्त असते तिथे सपाट ठेवते. रात्री ठेवलं की सकाळी वड्या तयार. ट्रे दाराच्या कप्प्यात ठेवू नका, तिथे दार उघडलं की तापमान वरखाली होतं आणि हळूहळू गोठल्याने बर्फाचे कण मोठे होतात. मोठे कण पेशींना जास्त फाडतात, मग बर्फ सुटताना पाणी वेगळं आणि गर वेगळा. स्मूदीला हे तितकं जाणवत नाही कारण आपण सगळं फिरवणारच आहोत, आणि म्हणूनच गोठवलेला अ‍ॅव्होकाडो स्मूदीला चालतो आणि सॅलडला अजिबात चालत नाही. सुटल्यावर त्याच्या नीट फोडी कधीच होणार नाहीत, ती अपेक्षाच ठेवू नये.

वड्या काढणं ही या ट्रेची सगळ्यात जमेची बाजू. ट्रे बाहेर काढून मिनिटभर ओट्यावर ठेवायचा, मग खालून अंगठ्याने दाबायचं, वडी अख्खी वर येते. कोपऱ्यात गराचा पातळ थर राहतो तो सोडून द्या. प्लॅस्टिकच्या कडक बर्फाच्या ट्रेमध्ये हेच करून बघा, पिळून, आपटून, पाण्याखाली धरून शेवटी सुरीने कोरावं लागतं आणि पाण्याखाली धरलं की वडीचा वरचा थर सुटतो तो परत गोठताना पिशवीत सगळ्या वड्या एकमेकींना चिकटतात. या एका कारणासाठी सिलिकॉनला पूर्ण मार्क.

वड्या निघाल्या की लगेच फ्रीझरच्या जाड झिपवाल्या पिशवीत. लगेच म्हणजे खरंच लगेच, पिशवी आधी उघडून त्यावर तारीख लिहून तयार ठेवायची आणि मगच ट्रे बाहेर काढायचा. एका थरात वड्या लावायच्या, झिप जवळजवळ पूर्ण लावून एक कोपरा उघडा ठेवायचा, पिशवी खालून वर हाताने दाबत हवा काढायची आणि कोपरा बंद करायचा. पिशवी पाण्याच्या भांड्यात तोंडापर्यंत बुडवून हवा काढायची युक्तीपण छान चालते, पाणी आत जाणार नाही एवढं बघा. व्हॅक्यूमचं मशीन असेल तर प्रश्नच मिटला, पण मऊ प्युरी त्यात थेट घालू नका, मशीन ती वर ओढून घेतं, आधी वड्या गोठवूनच. म्हणजे मशीन असलं तरी साचा लागतोच, तिथे ट्रे परत उपयोगी.

अशा पिशवीत उणे १८ अंश सेल्सिअसला तीन ते सहा महिने चव चांगली राहते. त्यानंतर खराब होत नाही, सतत गोठलेलं अन्न त्या तापमानाला सुरक्षितच असतं, पण चव उतरते आणि कडा पांढरट कोरड्या पडायला लागतात. हा फ्रीझर बर्न, पृष्ठभागावरचं पाणी थेट वाफ होऊन उडून जातं. आपोआप डीफ्रॉस्ट होणाऱ्या फ्रीझरमध्ये तापमान मधेमधे वर जातं त्यामुळे तिथे हा प्रकार जास्त. मी तीन महिन्यांच्या पुढे सहसा जात नाही. ट्रेमध्येच झाकण लावून ठेवलेल्या वड्यांचं मात्र वेगळंच चित्र असतं, दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यातच वरचा थर खाकी होतो, त्याखाली हिरवा, वडी मधून कापली तर दोन रंगांचे पट्टे वेगवेगळे दिसतात. खाकी भाग खाल्ल्याने काही होत नाही पण चव थोडी कडसर आणि शिळी लागते आणि स्मूदीचा रंग मळकट होतो. पिशवीतल्या वडीच्या कडेला फार तर हलकी रेघ.

दुसरी तक्रार वासाची. सिलिकॉन वास धरतं. फ्रीझरमध्ये लसूण, मासे, कांद्याचं वाटण काहीही असेल तर तो वास ट्रेला लागतो आणि अ‍ॅव्होकाडोत चरबी भरपूर असल्यामुळे तो तिथून वास पटकन ओढून घेतो. त्यात फळाचं तेल ट्रेच्या भिंतींना चिकटून राहतं आणि नुसत्या पाण्याने जात नाही, धुतलेला ट्रे हाताला गुळगुळीत लागतो तो त्यामुळेच. गरम पाणी आणि साबण, आणि तरी वास राहिला तर खायच्या सोड्याची पेस्ट लावून रात्रभर ठेवायची. तुमच्या ट्रेवर ओव्हनला चालतो असं स्पष्ट लिहिलं असेल तर रिकामा ट्रे, झाकण काढून, १७५ अंशाला अर्धा तास ठेवला की वास बऱ्यापैकी जातो. मसाल्याच्या वाटणाला आणि अ‍ॅव्होकाडोला एकच ट्रे अजिबात वापरू नका, हे दोन वेगळेच पाहिजेत.

बाकीचे पर्याय थोडक्यात. अर्धी फळं साल सोलून, बी काढून, लिंबू चोपडून, क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळून पिशवीत, ही पद्धत बिनखर्चाची आणि चांगली आहे, ट्रे घ्यायचाच नसेल तर हीच करा, फक्त अर्धं फळ ब्लेंडरमध्ये घालायच्या आधी सुरीने तोडावं लागतं. बी ठेवली की काळं पडत नाही असं म्हणतात, त्यात एवढंच खरं आहे की बीच्या खाली हवा पोचत नाही तेवढाच भाग वाचतो, आजूबाजूचा गर काळा व्हायचा तो होतोच. अख्खं फळ सालीसकट फ्रीझरमध्ये टाकणं सगळ्यात सोपं वाटतं, पण सुटल्यावर आत गिळगिळीत गोळा निघतो आणि गोठलेलं असताना कापताही येत नाही, त्यात हाताला लागायची भीती. फोडी करायच्याच असतील तर लिंबू लावून ताटलीत एकमेकींपासून सुट्या गोठवा आणि मग पिशवीत, ट्रेची गरज नाही. आणि गोठवलेल्या फोडींची तयार पाकिटं मिळतात ती खरंच चांगली असतात, कारखान्यात फोडी सुट्या सुट्या खूप वेगाने गोठवतात त्यामुळे बर्फाचे कण बारीक राहतात. पाकिटाच्या मागे बऱ्याचदा अ‍ॅस्कॉर्बिक आणि सायट्रिक अ‍ॅसिड लिहिलेलं दिसेल, घाबरू नका, आपण लिंबू लावतो त्यातही हीच दोन अ‍ॅसिडं असतात. ज्यांना ताजा अ‍ॅव्होकाडो खायचाच नाही, फक्त स्मूदीलाच हवाय, त्यांनी सरळ ते पाकीट घ्यावं, पिकण्याची वाट बघायची कटकटच नको. ट्रे त्यांच्यासाठी आहे ज्यांच्याकडे ताजी फळं येतात आणि उरतात.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ती स्मूदी. वडी आधी सुटू द्यायची नाही, सरळ गोठलेलीच घालायची, बर्फही लागत नाही. साध्या उभ्या भांड्याच्या ब्लेंडरमध्ये खाली दूध किंवा पाणी, मग पालेभाजी, मग ताजं फळ, सगळ्यात वर वडी. उलटं करून लावायच्या छोट्या भांड्यात याच्या बरोबर उलट, वडी आधी आणि पातळ पदार्थ शेवटी, म्हणजे उलटं केल्यावर पात्यांना आधी द्रव लागतो. एका वडीला एक कपभर द्रव. छोट्या मोटरचा मिक्सर असेल तर वडी सुरीने दोन तुकडे करून घाला आणि आधी थांबत थांबत फिरवा, एकदम फुल स्पीडला वडी भांड्याला आपटत राहते.

टेक्श्चर अप्रतिम येतं. गोठवलेल्या केळ्याने जो घट्टपणा येतो तसाच पण जास्त रेशमी, आणि केळ्याची चव सगळीकडे पसरते तसं इथे होत नाही, अ‍ॅव्होकाडो मागे राहतो आणि दुसऱ्या फळाला पुढे येऊ देतो. फरक गोडीचा. १०० ग्रॅम केळ्यात १२ ग्रॅमच्या आसपास साखर असते, अ‍ॅव्होकाडोत एक ग्रॅमसुद्धा नाही, त्यामुळे केळं काढून त्या जागी नुसती वडी घातली तर स्मूदी सपक लागणार, आंबा, खजूर, पिकलेलं पेअर असं काहीतरी गोड पाहिजेच. कॅलरीचंही सांगून ठेवते, १०० ग्रॅम अ‍ॅव्होकाडोत १६० कॅलरी, १५ ग्रॅम चरबी आणि जवळपास ७ ग्रॅम फायबर, म्हणजे एका वडीमागे ९० कॅलरी धरा. चरबी बहुतेक ऑलिव्ह तेलात असते तीच, ओलेइक. गोठवल्याने चरबी आणि फायबरला काही होत नाही. आणि पालक, गाजर घालत असाल तर ही चरबी कामाचीच आहे, त्यांच्यातली कॅरोटिनॉइड्स, म्हणजे उपयुक्त रंगद्रव्यं, चरबीबरोबर जास्त चांगली शोषली जातात, नुसत्या पाण्यातल्या पालकाच्या स्मूदीत तेवढं होत नाही. लिंबू असलेली वडी दुधाबरोबर फाटते का असं खूपजण विचारतात, एका वडीत लिंबू इतकं कमी असतं की लगेच प्यायली तर काही होत नाही, करून ठेवू नका एवढंच.

एक गोष्ट ट्रेशी संबंधित नाही पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, फळ कापायच्या आधी साल धुवा. साल खायची नाही म्हणून बहुतेक लोक धुतच नाहीत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, २०१४ ते २०१६ मध्ये अ‍ॅव्होकाडोचे नमुने तपासले होते आणि सालीच्या ३६१ नमुन्यांपैकी ६४ मध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजिनिस हा आजार पसरवणारा जिवाणू सापडला, म्हणजे जवळपास १८ टक्के. सुरी सालीतून गरात जाते तेव्हा सालीवरचे जंतू गरात जाऊ शकतात. लिस्टेरिया गोठवल्याने मरत नाही, आणि स्मूदी आपण शिजवत नाही. गरोदर बाई, म्हातारी माणसं, आजारी कुणी पिणार असेल तर यात हयगय नकोच. वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासायचं, हासची साल खडबडीत आहे म्हणून नुसत्या हाताने पुरत नाही, मग स्वच्छ फडक्याने कोरडं करायचं आणि मग कापायचं. ट्रे आणि झाकणाची खाचही तितकीच नीट धुवा, झाकण जिथे बसतं त्या बारीक खाचेत गर साचतो आणि वरून दिसत नाही, मऊ दातांचा जुना टूथब्रश तिथे बरोबर जातो.

घेताना तीन गोष्टी बघा, कडेला तार आहे का, कप्पा पाव कपाचाच आहे का आणि तळ पातळ आहे का. जाड तळाचे काही ट्रे असतात त्यात अंगठ्याने दाबून वडी वर येत नाही, मग सिलिकॉन घ्यायचा फायदाच काय. ट्रे पिळून बघा, वळणावर पांढरी रेघ उमटली तर त्यात भरताड मिसळलेलं असण्याची शक्यता असते, तो सोडा. झाकण नसलेला स्वस्त मिळत असेल तर खुशाल तो घ्या, क्लिंग फिल्म आणि जाड पिशवी तुमच्याकडे असली की झाकणाचं काही काम उरत नाही. मला पाचपैकी साडेतीन द्यावेसे वाटतात. त्यावर महिनोन्महिने ठेवा असं लिहिलेलं नसतं तर साडेचार दिले असते.